दुसऱ्या पिस्तुलाचं वजन

प्रिय केंड्रा,

तुझा निरोप येऊन आज नऊ दिवस झाले. तीन पिस्तुलांचे फोटो, खाली दोन प्रश्न, आणि शेवटी तुझी नेहमीची तंबी, "ममा, एका ओळीत सांग, भाषण नको." मधल्या काळात तू दोनदा आठवण केलीस आणि मी दोन्ही वेळा दुकानात गर्दी असल्याची थाप मारली. गर्दी कसली डोंबलाची! टर्कीच्या शिकारीचा हंगाम संपला की मे महिन्यात आमच्या दुकानात माश्याच असतात. आज रविवार. चर्चमधून आले, कालचा मक्याचा पाव ताकात कुस्करून खाल्ला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसले. फोनवर सांगायला गेले तर मध्येच काहीतरी विनोद करून मी सुटून जाईन, मला मी चांगली ओळखते. अंगठ्याच्या सांधेदुखीनं परत डोकं वर काढलंय, त्यामुळे अक्षर कोंबडीचे पाय झालंय, ते सांभाळून घे.

तुझा पहिला प्रश्न, रोज जवळ बाळगायला या तिघांतलं कोणतं घेऊ. दुसरा, शाळेला सुट्टी लागली की पर्लीला सहा आठवडे माझ्याकडे कधी आणून सोडू, पाच जून चालेल का. दुसऱ्याचं उत्तर माझ्या ओठांवर आहे, पण ते तू द्यायचं आहेस, आणि पहिल्याचं उत्तर वाचून झाल्यावर द्यायचं आहेस. म्हणून हे पत्र मध्येच ठेवून कामाला लागू नकोस. बसून वाच.

आधी तुझ्या त्या माणसाबद्दल. पेशंट म्हातारीचा पुतण्या दोनदा तुझ्या गाडीमागून पेट्रोल पंपापर्यंत आला, हे तू इतक्या सहज लिहिलंयस की जणू कुत्रं मागे लागलं होतं. मला ते वाचून त्या रात्री जेवण गेलं नाही. तू लिटल रॉकच्या बाहेर त्या एकाकी घरांतून एकटी हिंडतेस, कुणाच्या जखमा बांधतेस, कुणाला आंघोळ घालतेस, याचा मला अभिमान आहे आणि भीतीही आहे. अभिमान मी चर्चमध्ये चारचौघींना सांगते, भीती कुणाला सांगत नाही. तुझे डॅडी असते तर त्यांनी गाडी काढून तुझ्या मागेमागे चकरा मारल्या असत्या. ते गेल्याला ऑगस्टमध्ये चार वर्षं होतील. तेव्हा तुला काहीतरी हवं हे मलाही पटतं. त्यात दुमत नाही.

आता पिस्तुलं. बावीस वर्षं मी रॉइसच्या दुकानात काउंटरमागे उभी आहे आणि बाईमाणूस आत आलं की तो अजूनही आतल्या टेबलावरून ओरडतो, "ओलेटा, तुझं गिऱ्हाईक!" त्या बायकांबरोबर बहुतेक वेळा नवरा असतो आणि नवऱ्याचं आधीच ठरलेलं असतं की हिला लहान हवं, हलकं हवं, आणि शक्यतो जांभळं हवं. तुझ्या पहिल्या फोटोतलं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर अशाच नवऱ्यांच्या जिवावर खपतं. वाईट नाही ते. मागे ओढायला वरची स्लाइड नाही, अडकायला काही नाही, चाप ओढला की चालतं, आणि कोटाच्या खिशात गुपचूप बसतं. पण चाप इतका कडक की ओढताना नेम हलतो, आणि वजन इतकं कमी की सगळा धक्का तुझ्या मनगटात. लोकांना वाटतं हलकं म्हणजे बायकांना सोपं. उलट आहे. हलकं हे चालवायला सगळ्यात अवघड असतं. ज्या बायका ते घेऊन जातात त्या एकदा नेमबाजीच्या रेंजवर पाच गोळ्या उडवतात, हात चोळत घरी जातात आणि मग ते कपाटात मोज्यांखाली पडून राहतं.

तिसऱ्या फोटोतलं ते चिमुकलं. त्याची स्प्रिंग मऊ, माझ्यासारख्या मोडक्या अंगठ्यालाही स्लाइड ओढता येते. चर्चमधल्या निम्म्या म्हाताऱ्यांकडे तेच आहे. पण मूठ इतकी आखूड की दोनच बोटं बसतात, करंगळी बिचारी हवेत. तुझे हात डॅडींसारखे लांब, तुला ते कधीच आवडणार नाही.

आणि तू ते ठेवणार कुठे, याचा विचार केलायस का? तुझ्या नर्सिंगच्या पायजम्याला नाडी. नाडीवर पिस्तूल टिकत नाही, चार पावलांत पायजमा घोट्याशी येईल. पोटाला बांधायचा रुंद इलास्टिकचा पट्टा मिळतो, तो घे. पण तू दिवसभर माणसं उचलतेस, त्यांचे हात तुझ्या कमरेभोवती असतात. तेव्हा कुणाच्या घरात शिरताना ते अंगावर नको. गाडीत सीटखाली पोलादी डबी बोल्टनं आवळून घे, ते डबीत, डबीला कुलूप, किल्ली तुझ्या गळ्यात. पर्समध्ये तर मुळीच नको. पर्स आपण दुकानातल्या ढकलगाडीत ठेवतो आणि त्याच गाडीत पोर बसवतो. याहून जास्त मी त्यावर लिहीत नाही. तुझ्या कंपनीचा नियम काय आहे तेही आधी विचार, नाहीतर नोकरी घालवून बसशील.

राहिलं दुसरं. चपटं, दोन बोटांएवढी जाडी, मुठीतल्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या आणि नळीत एक. मी स्वतः सहा वर्षं तेच कमरेला लावते, हे तुला ठाऊक आहे. तू लिहिलंस, "ममा, तुझ्या दुकानात ते हातात घेतलं तेव्हा मस्त भरीव वाटलं, हाताला चिकटून बसलं. मग इथल्या दुकानात तेच मागितलं तर ते पोकळ लागलं, खेळण्यासारखं. काउंटरवरचा पोरगा हसला, म्हणाला मॅडम, मॉडेल तेच आहे, तुमचा मूड बदललाय. ममा, तुमच्याकडे वेगळा माल येतो का? मला तुझ्याकडचं जडच हवं."

माल एकच आहे गं. हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं, आणि मी नऊ दिवस थापा मारत बसले.

तो ईस्टरच्या आदला शनिवार. तुम्ही दुपारी येणार म्हणून मी सकाळपासून घड्याळाकडे बघत होते. गर्दी खरंच होती. बाराच्या सुमाराला एक माणूस आला, निवृत्त, तळ्याकाठी नवीन घर बांधलेल्यांपैकी, बोटीवरची पांढरी टोपी. त्याला तेच चपटं बघायचं होतं. मी काढलं, नियमाप्रमाणे मॅगझिन काढलं, स्लाइड मागे अडकवली, नळीत बघितलं, करंगळीनं चाचपलं, मग त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, "बाई, मालकांना बोलवता का? रोज कमरेला कसं बसतं ते बाळगणाऱ्यालाच विचारावं लागेल. तुम्ही काय, नुसत्या विकता."

बावीस वर्षं हे ऐकतेय मी, केंड्रा. कुणी हनी म्हणतं, कुणी बाई, कुणी माझ्या डोक्यावरून रॉइसकडे बघतं. एरवी मी हसून सोडते. त्या दिवशी पहाटे चारपासून उभी होते, तुमच्यासाठी केक भाजून ठेवला होता, पाय सुजले होते, आणि माझं डोकं फिरलं. स्वतःचं पिस्तूल काउंटरवर काढायचं नाही हा दुकानाचा नियम मीच नव्या पोरांना शिकवते. मी शर्ट वर केला, माझं काढलं आणि त्याच्यापुढे काचेवर ठेवलं. म्हटलं, "हे दुकानाचं, हे माझं. माझं भरलेलं आहे, त्याला हात लावू नका. सहा वर्षं लावतेय, आता विचारा काय विचारायचं ते." त्यानं माझ्या छातीवरचा बिल्ला वाचून एकदम अदबीनं मिस ओलेटा म्हणायला सुरुवात केली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटलं.

दुकानाच्या पिस्तुलाला चापाच्या कडीत दोऱ्यानं किमतीची चिठ्ठी बांधलेली असते. त्याला मूठ नीट धरून बघायची होती, चिठ्ठी मध्ये येत होती, म्हणून मी ती सोडली. त्यानं बघितलं, स्लाइड सोडली, मॅगझिन परत आत सरकवलं, काचेवर ठेवलं, आणि "बायकोला विचारतो" म्हणून गेला. तो दारातून बाहेर पडतोय तोच दार परत उघडलं आणि पर्ली "ग्रॅनी!" म्हणून धावत आली. पुढचे दोन दात पडलेले, नवीन पिवळा फ्रॉक. मी तिच्याकडे बघत बघत चिठ्ठी बांधली. तिच्याकडे बघत एक पिस्तूल कपाटात सरकवलं आणि एक कमरेला लावलं.

आता तुला कळलं असेल. मलाही लिहिताना हात थांबवावा लागला, उठून पाणी पिऊन आले.

दहा मिनिटांनी तू म्हणालीस, "ममा, मलाही दाखव ना रोज बाळगायला काही." रिव्हॉल्व्हर दिलं ते चक्र उघडून बघून दिलं. चिमुकलं दिलं ते तपासून दिलं. शेवटी ते चपटं. ते मी कपाटातून काढलं, चिठ्ठी बघितली, आणि मनात म्हटलं, हे तर आत्ताच तपासलंय. आणि तसंच तुझ्या हातात ठेवलं. परका असता तर मी शंभरदा तपासलं असतं. तू माझी होतीस म्हणून नाही तपासलं. तू बारा वर्षांची असताना तुझ्याकडून मीच घोकून घेतलं होतं की दुसऱ्याच्या हातून घेतलेलं प्रत्येक हत्यार भरलेलंच समजायचं, देणारा कुणी का असेना. तूही ते विसरलीस, कारण देणारी मी होते.

तू भिंतीवरच्या हरणाच्या डोक्यावर नेम धरलास. "भरीव आहे गं हे," म्हणालीस. मग म्हणालीस, "चाप ओढून बघू?" आणि मी म्हटलं, "ओढ की, विचारतेस काय." ती भिंत म्हणजे प्लायवूड आहे, त्यामागे रॉइस टेबलाशी बसून सँडविच खात होता. भिंतीपुढे टोप्यांचा फिरता स्टँड, आणि स्टँडमागे तुझी पोर एकेक टोपी घालून आरशात बघत होती. तुला ती दिसत नव्हती. मला दिसत होती. तरी मी ओढ म्हटलं, कारण माझ्या लेखी ते पिस्तूल रिकामं होतं. रिकामं असलं तरी माणसाच्या दिशेनं धरायचं नसतं, हेही मीच शिकवलेलं.

तेवढ्यात ती डोक्यावर दोन टोप्या घेऊन स्टँडमागून आली आणि तुझा शर्ट ओढून म्हणाली, "मला भूक लागली." मी तिच्यावर खेकसले. "थांब गं कार्टे, आईला बघू दे जरा." तुला आठवत असेल, तिचा चेहरा पडला. तू हसलीस, पिस्तूल काचेवर ठेवलंस आणि म्हणालीस, "राहू दे ममा, आधी हिला खायला घालू." आपण तिघी समोर कॅटफिश खायला गेलो. कुणाच्या शहाणपणानं वाचलो म्हणावं, तर कुणाच्याच नाही. सात वर्षांच्या पोरीनं सकाळी दलिया नीट खाल्ला नव्हता, एवढंच.

संध्याकाळी घरी आल्यावर मी कमरेचं पिस्तूल काढलं. रोज मी ते रिकामं करून डबीत ठेवते. स्लाइड ओढली, काही बाहेर पडलं नाही. आधी वाटलं, सकाळी भरायलाच विसरले. मग दिवा लावून बघितलं. माझ्या पिस्तुलाच्या उजव्या अंगावर गाडीच्या दारानं पडलेला ओरखडा आहे, तो नव्हता. तू आत पर्लीच्या केसांतली जट सोडवत होतीस. मी म्हटलं, ईस्टरची अंडी रंगवायला व्हिनेगर नाही, घेऊन येते. व्हिनेगर होतं गं, फडताळात दोन बाटल्या होत्या. मी दुकानात गेले, किल्ली लावली, कपाट उघडलं. किमतीची चिठ्ठी लटकवून ते तिथे पडलं होतं, ओरखड्यासकट. दहा आत आणि एक नळीत. अकरा गोळ्या मी काचेवर मांडल्या आणि खाली फरशीवर बसले. अकरा गोळ्यांचं वजन दोन कोंबडीच्या अंड्यांएवढं भरतं. तुला हाताला भरीव लागलं ते तेवढं. तुझ्या हाताला ते कळलं, आणि मी बावीस वर्षांची जाणकार, बारा वाजल्यापासून रिकामं पिस्तूल कमरेला लावून फिरले, माझ्या कमरेला कळलं नाही.

परत येऊन मी तुमच्याबरोबर अंडी रंगवली. माझ्या हातून निळा रंग टेबलावर सांडला. तू म्हणालीस, "ममा, तू दमलीयस, जा झोप." मी गेले. तेव्हाच सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, तर ईस्टर होता, तुम्ही दोघी नवे कपडे घालून बसला होतात. मग तुम्ही गेलात, मग आठवडा गेला, आणि मग वाटायला लागलं की झालं तर काहीच नाही, कशाला उकरायचं.

शुक्रवारी मी रॉइसला सांगितलं. त्यानं चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि म्हणाला, "ओलेटा, चाळीस वर्षांत माझ्या हातून असं दोनदा झालंय. बायकोलाही सांगितलं नाही. कुणाला लागलं का? नाही ना? मग गप बस आणि सोमवारी ये." मला समजावण्यासाठीच म्हणाला बिचारा. पण मला इतका शीण आला ते ऐकून. या धंद्यात आम्ही सगळे असेच एकेक शनिवार पोटात दडवून एकमेकांना नियम शिकवत बसलोय. मी कपाटाची किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली. सोमवारपासून मी पलीकडच्या मासेमारीच्या काउंटरला, गळ आणि गांडुळं. तो म्हणाला, "वेडी आहेस." मी म्हटलं, "असेन." माझं पिस्तूलही त्याच्याच तिजोरीत ठेवून आले. घरात आता एकही नाही.

तर तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. दुसरं घे. तुझ्या हाताला तेच बरोबर आहे, आणि इथल्या घोळात त्या पिस्तुलाची काही चूक नव्हती. रिकामं असताना ते तसंच पोकळ लागतं, ते पोकळ लागलं तरच विकत घे. तू लिहिलं होतंस, "तू दिलंस ना ममा, म्हणजे ते चांगलंच असणार." तुझं हे वाक्य वाचलं आणि मला हे पत्र लिहावंच लागलं, कारण आता तू तुझी पोर याच भरवशावर माझ्याकडे सोडणार आहेस. मी तिच्या खाटेवर नवीन चादर घातलीय, मागच्या अंगणात झोका बांधून घेतलाय, पण तू पाच जूनला आली नाहीस तर मी का म्हणून विचारणार नाही, रुसणारही नाही. तुला राग येईल तो येऊ दे, फोन करून ओरड, नाहीतर करू नकोस. जे ठरवशील ते मला मान्य आहे. एक काम मात्र माझं कर. पर्लीला बाकीचं काही सांगू नकोस, ती लहान आहे. पण त्या दिवशी तिला भूक लागली तेव्हा ग्रॅनीनं तिला उगाच रागावलं, त्याबद्दल ग्रॅनीनं माफी मागितलीय, एवढं तिला सांग.

तुझीच,
ममा